शस्त्रक्रियांचा आकडा आणि जगलेली मुले

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून एका विशिष्ट प्रकारची बातमी नियमाने येऊ लागली. जिल्हा रुग्णालयात टू-डी इकोचे शिबिर भरले, इतक्या बालकांची तपासणी झाली, इतक्यांना हृदयशस्त्रक्रियेसाठी मुंबईस पाठविण्यात आले. सोबत पुढाऱ्यांचे, अधिकाऱ्यांचे आणि कडेवरच्या भेदरलेल्या मुलांचे छायाचित्र. या बातमीचा आम्हांस मुळीच हेवा नाही. ज्या शेतमजुराच्या मुलाने एरवी दम लागता लागता एखाद्या रात्री प्राण सोडला असता, त्याच्यावर सरकारी खर्चाने शस्त्रक्रिया होते, ही गोष्ट लहान नाही. ती घडावी म्हणून अनेकांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता. तथापि या बातमीत एक वाक्य कधीच नसते. गेल्या वर्षी ज्या मुलांवर शस्त्रक्रिया झाली, त्यांतील किती मुले आज जिवंत आहेत आणि त्यांतील किती शाळेत जाऊ लागली, हे ते वाक्य. शस्त्रक्रिया किती झाल्या हे मोजणारे शासन मुले किती जगली हे मोजत नसेल, तर ते नेमके काय मोजते आहे?

प्रथम आपल्या जिल्ह्यापुरता हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती. जन्मदर हजारी पंधरा धरला, तरी वर्षाला सुमारे पंचवीस हजार बालके या आठ तालुक्यांत जन्मतात. जगभरचा अनुभव असा, की दर हजार जिवंत जन्मांमागे आठ ते नऊ बालकांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो. म्हणजे दर वर्षी सुमारे दोनशे मुले. यांतील काहींचे छिद्र आपोआप बुजते, काहींना नुसती देखरेख पुरते. परंतु चाळीस-पन्नास मुले अशी, की पहिल्या वर्षाच्या आत, काहींच्या बाबतीत पहिल्या पंधरवड्याच्या आत, उपचार न मिळाल्यास ती वाचत नाहीत. हा हिशेब ढोबळ आहे. परंतु कोणत्याही शासकीय अहवालात याहून नेमका हिशेब जिल्ह्याला दिला गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही, हेच मुळी दुखणे आहे.

लोक या दोषाला सरसकट ‘हृदयाला होल’ म्हणतात. वस्तुतः प्रकार पुष्कळ आहेत. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक असेल, तर शुद्ध रक्त उलट फुप्फुसाकडे लोटले जाते. मूल सतत धापते, अंगावर पिताना कपाळावर घाम येतो, पोट भरण्याआधीच दमून सोडून देते, वजन धरत नाही. दुसऱ्या प्रकारात अशुद्ध रक्त शरीरभर जाते आणि मूल निळे पडते. काही मुलांत तर हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या मुळातच अदलाबदल होऊन जोडलेल्या असतात. ती शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते. दोष का होतो याचे उत्तर बहुधा सापडत नाही. गरोदरपणातील रुबेला, मातेचा मधुमेह, जवळच्या नात्यातील लग्न यांनी धोका वाढतो, एवढे नक्की. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे मूल झाले, हे मात्र निखालस खोटे आहे. आणि त्या खोट्याचा भार एकट्या सुनेच्या माथी मारला जातो हे आपल्या गावांतून आजही चालते. तुळजापूरच्या आईला नवस बोलणाऱ्या मातेची आम्ही थट्टा करणार नाही. तिला दुसरे दार उघडे दिसले असते, तर ती तिथेही गेली असती. दोष दार न दाखवणाऱ्यांचा आहे.

आता परंडा किंवा भूम तालुक्यातील एका मुलाची वाट डोळ्यांपुढे आणावी. ही कल्पना आहे, पण तिच्यातील प्रत्येक टप्पा कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मते, रडते, गुलाबी दिसते. पडद्याला भोक असलेल्या मुलाची लक्षणे पहिल्या आठवड्यात दिसत नाहीत. फुप्फुसातील दाब उतरू लागला की चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. आशा ताईच्या नवजात बाळाच्या घरभेटी ४२ व्या दिवशी संपतात आणि पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात असते. नेमक्या त्या मधल्या काळात मूल धापू लागते. घरचे म्हणतात, छातीत कफ भरला. जवळच्या डॉक्टरकडे सलाईन, इंजेक्शन होते. महिन्याभरात पुन्हा तोच ‘निमोनिया’. सहाव्या महिन्यात अंगणवाडीच्या वजनकाट्यावर मूल तीव्र कुपोषितांच्या रकान्यात जाते. त्याला सकस आहार दिला जातो, पण वजन वाढत नाही. कारण खाल्लेले सारे श्वास घेण्यातच खर्ची पडते. मग कधीतरी आरोग्य पथक येते, छातीला नळी लावते, मुरमुर ऐकू येते. शिबिराची तारीख दोन महिन्यांनी. शिबिरात निदान होते. त्यापुढे कागदपत्रे, मंजुरी आणि रुग्णालयाची प्रतीक्षायादी. तेथे सांगितले जाते, मूल फार अशक्त आहे, वजन वाढवून आणा. ज्या दोषामुळे वजन वाढत नाही, तो दूर करण्यासाठी आधी वजन वाढवावयाचे! यांत वर्ष-दोन वर्षे उलटली, तर फुप्फुसातील रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होतात. आणि एके दिवशी तज्ज्ञ सांगतात, आता भोक बुजवून उपयोग नाही, बुजविल्यास अपायच होईल. शस्त्रक्रिया नाकारलेले हे मूल कोणत्याही शिबिराच्या बातमीत येत नाही. ते यशाच्या रकान्यात नसते आणि अपयशाच्याही नसते.

म्हणून दर्जाचा विचार शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी सुरू होत नाही, तो सहा महिने आधी सुरू होतो. आपल्या जिल्ह्यात तर यावर आणखी एक फास आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा येथील ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासावी असा नियम आहे. परंतु पथक गावात आले तेव्हा मूल कारखान्याच्या कोपीवर असेल, तर ते ‘गैरहजर’ ठरते. ज्या मुलांना तपासणीची सर्वाधिक गरज, तीच नियमाने गैरहजर राहतात. कोपीवर जाऊन तपासावे, किंवा पथकाचे वेळापत्रक गाळप हंगाम पाहून आखावे, एवढे शहाणपण सुचायला कोणत्या आयोगाची गरज आहे?

पथकातील आयुष डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता हे सारे कंत्राटी. नियमित करण्याच्या मागणीसाठी त्यांनी वेळोवेळी संप केले. वर्षावर्षाच्या नेमणुकीवर काम करणाऱ्या माणसाने एका मुलाचा तीन वर्षे पाठपुरावा करावा अशी अपेक्षा शासन ठेवते. हा विनोद मुलाच्या जीवावर बेततो.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. या विषयाचा सर्वांत मोठा धडा श्रीमंत देशाच्या सरकारी रुग्णालयात शिकला गेला आहे, आणि आमच्या सर्व कार्यकर्त्यांना तो ठाऊक असावा असे वाटते. इंग्लंडमधील ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात लहान मुलांवर हृदयशस्त्रक्रिया होत. १९८८ साली स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ तेथे रुजू झाले. इतर केंद्रांच्या मानाने येथे शस्त्रक्रियेस वेळ फार लागतो आणि मुले अधिक दगावतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी आकडे जमविले, वरिष्ठांस सांगितले. वरिष्ठांनी ते ऐकून घेतले नाही. १९९५ पर्यंत हे चालले. अखेर आईबापांच्या रेट्याने सार्वजनिक चौकशी नेमली गेली. प्रा. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ ते १९९५ या काळात, सर्वसाधारण केंद्रात मृत्यू पावली असती त्यापेक्षा ३० ते ३५ एक वर्षाखालील मुले तेथे अधिक दगावली, असा निष्कर्ष त्यात होता. एका शल्यविशारदाचे आणि रुग्णालयाच्या मुख्याधिकाऱ्याचे, जे स्वतः डॉक्टर होते, नाव १९९८ सालीच वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले होते. बोल्सिन यांना मात्र देश सोडून ऑस्ट्रेलियात नोकरी शोधावी लागली.

हे नीट लक्षात घेण्याजोगे आहे, की अहवालाने त्या डॉक्टरांना नराधम म्हटले नाही. ती माणसे मेहनती होती, बहुतेकांचा हेतू चांगला होता. उणीव होती ती परस्परांना विचारण्याची, आकडे उघड करण्याची, कनिष्ठाचे ऐकण्याची. काही मूठभर वरिष्ठांचा ‘क्लब’ सर्व ठरवीत होता. आपल्याकडील रुग्णालयांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या वर्णनात परके असे काही आढळणार नाही. आपल्याकडे तर त्या उतरंडीला जात, पैसा आणि डोनेशनची पदवी यांची जोड आहे. साहेबांनी हात धुतले नाहीत हे परिचारिकेने तोंडावर सांगावे, अशी कल्पना करून पाहावी!

आणि नेमके तेच सांगण्याने मुले वाचतात, असे दाखवून देणारा प्रयोगही झाला आहे. बोस्टनच्या बालरुग्णालयाच्या पुढाकाराने गरीब व विकसनशील देशांतील बालहृदय केंद्रांची एक आंतरराष्ट्रीय गुणवत्ता-सुधार मोहीम २००८ च्या सुमारास उभी राहिली. तिच्यात आपल्या देशातील केंद्रेही सामील झाली. कोचीचे अमृता रुग्णालय त्यांतील एक. १७ देशांतील २८ केंद्रांनी आपल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद एका सामाईक वहीत केली. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत पंधरा हजारांवर शस्त्रक्रिया नोंदल्या गेल्या. प्रत्येक केंद्राला दरवर्षी सांगितले गेले, की तुमच्याकडे आलेल्या मुलांच्या आजाराची तीव्रता जमेस धरूनही तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे आहात. शिकवण तीन गोष्टींची: शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर तपासयादीने काम करणे, जंतुसंसर्ग रोखणे आणि संघ म्हणून वागणे, ज्यात परिचारिकेला बोलण्याचा अधिकार येतो. कोणतेही कोट्यवधींचे नवे यंत्र बसविले नाही. मृत्यू घटले, संसर्ग त्याहून अधिक घटले. छाती उघडलेल्या चार किलोच्या मुलाला मारणारी गोष्ट पुष्कळदा शस्त्रक्रियेतील चूक नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळीवाटे रक्तात शिरलेला जंतू असतो. अतिदक्षता विभागात अशा एका मुलामागे एक परिचारिका हवी. जिथे तीन मुलांमागे एक आहे आणि तीही सलग दुसरी पाळी करीत आहे, तिथे शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी त्याची विद्या रात्री दोन वाजता निरुपयोगी ठरते.

विषय निघाला म्हणून सांगतो. निळ्या मुलांवरील पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. ती कल्पना हेलन टाउसिग या, कमी ऐकू येणाऱ्या, स्त्री-डॉक्टरची. हात आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे. आणि त्यांच्या पाठीमागे उंच स्टुलावर उभे राहून टाका कसा घालावा हे सांगणारा विव्हियन थॉमस हा कृष्णवर्णीय सहाय्यक, ज्याने प्रयोगशाळेत ती क्रिया कुत्र्यांवर करून सिद्ध केली होती. त्याच्याजवळ पदवी नव्हती. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याचे नाव नव्हते. त्याला मानद डॉक्टरेट मिळण्यास १९७६ साल उजाडले. या शाखेचा जन्मच असा संघकार्यातून आणि त्या संघातील अन्यायातून झाला आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आपल्याच गोटातून. शस्त्रक्रिया मिळण्याचीच मारामार असताना दर्जाच्या गप्पा कशाला? हा युक्तिवाद आम्ही रेशनच्या तांदळाबाबतही ऐकला आहे. गरिबाला आधी मिळू तर द्या, मग किडे निवडू. गरिबाची गोष्ट म्हणजे दुय्यम प्रतीची गोष्ट, हे त्यात गृहीत असते. शिवाय हिशेबानेही तो टिकत नाही. संसर्ग झालेले मूल अतिदक्षता विभागातील खाट तीन आठवडे अडवते. त्याच खाटेवर तोवर तीन मुले बरी होऊन गेली असती. दर्जा सुधारला की जागा वाढते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. निकाल जाहीर करावयास लावले, तर रुग्णालये अवघड मुले नाकारतील. ही भीती खरी आहे. खरे तर आजही तसे घडण्यास वाव आहे, कारण योजनेतून पैसा शस्त्रक्रियेच्या ठरीव दराने मिळतो. पाच वर्षांच्या धडधाकट मुलाचे साधे छिद्र बुजविण्यात जोखीम कमी आणि खाट लवकर रिकामी. आठ दिवसांच्या बालकाची अवघड शस्त्रक्रिया म्हणजे महिनाभराचा खर्च आणि मृत्यूची टांगती तलवार. बाजाराच्या नियमाने चालणारे रुग्णालय कोणाकडे वळेल हे सांगावयास नको. म्हणूनच निकाल नुसत्या टक्केवारीने नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या जोखमीप्रमाणे वर्गवारी करून मांडावे लागतात. ती वर्गवारीची पद्धत उपलब्ध आहे आणि ब्रिस्टलनंतर इंग्लंडमध्ये केंद्रवार निकाल जाहीर होत आले आहेत. तेथील शस्त्रक्रिया त्यामुळे बंद पडल्या नाहीत, मृत्यू मात्र कमी झाले. आपल्याकडे लोकांच्या कराच्या पैशावर शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयावर असे कोणतेही बंधन नाही.

जीवनदायी योजनेपासून आजच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेपर्यंत शासनाची वाट एकच आहे. सेवा उभारावयाची नाही, ती विकत घ्यावयाची. वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तो स्वागतार्ह आहे, पण पाच लाखांचे पत्र हाती असले तरी लहान मुलाचे हृदय उघडणारे हात मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतच आहेत. धाराशिवची आई लातूर-मुंबई एक्स्प्रेसने रात्रभर मूल मांडीवर घेऊन जाते. योजनेत परतीच्या भाड्याची सोय असते. बुडालेल्या मजुरीची, फलाटावर काढलेल्या रात्रींची नसते. त्यानंतरच्या तपासणीला ती पुन्हा येत नाही, आणि ‘पालक पाठपुरावा करीत नाहीत’ असा शेरा मारला जातो.

हे असेच असावयास हवे असे नाही. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय महापालिकेचे, १९२६ साली ते सुरू झाले तेव्हा तेथे भारतीय डॉक्टरच असतील हा राष्ट्रीय बाण्याचा आग्रह त्यामागे होता. त्याच सार्वजनिक रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातील पहिल्या हृदयरोपणानंतर अवघ्या काही आठवड्यांत, हृदयरोपण करून दाखविले. रुग्ण वाचला नाही. परंतु सार्वजनिक संस्था विद्येच्या आघाडीवर उभी होती. मराठवाड्यात औरंगाबादला १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय आले, अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात आले, धाराशिवला २०२२ साली. १९८४ च्या दांडेकर समितीने मोजलेल्या अनुशेषात आरोग्यसेवाही होत्या. तेव्हापासून चाळीस वर्षे लोटली. बालहृदय शस्त्रक्रियेचे एक भक्कम सार्वजनिक केंद्र मराठवाड्यात असावे ही मागणी म्हणूनच अवास्तव नाही. मात्र ती करताना सावध असावे. प्रत्येक जिल्ह्याला एक केंद्र, ही घोषणा आम्ही देणार नाही. वर्षाला वीस-पंचवीस शस्त्रक्रिया करणारे केंद्र धोकादायक असते. हात आणि संघ सरावाने तयार होतो. विभागाला एकच केंद्र, पण शेकडो शस्त्रक्रियांचे, पूर्ण वेळ बालहृदयतज्ज्ञ व पुरेशा कायम परिचारिका असलेले, हीच मागणी रास्त आहे. जिल्ह्यात हवे ते निदान, स्थिर करून पाठविण्याची सोय आणि नंतरची देखरेख.

केरळने २०१७ पासून ‘हृद्यम’ योजनेत हे बरेचसे साधले. मुलाचे निदान होताच त्याची राज्याच्या संगणकीय यादीत नोंद होते, किती तातडीचे आहे ते ठरते, कुठे खाट आहे ते दिसते, सुसज्ज रुग्णवाहिकेने बालक हलविले जाते आणि नंतरही त्याचा माग राहतो. केरळात जे होते ते येथे होण्यास पैशाची अडचण नाही. तेथील नवजात बालकांच्या तपासणीत वापरले जाणारे ऑक्सिमीटर कोविडच्या काळात आपल्या गावोगावी वाटले गेले. नवजाताच्या पायासाठी त्याचा वेगळा पट्टा लागतो, एवढेच. जन्मानंतर २४ तासांनी उजवा हात व एक पाय यांवर तो लावावयाचा. आकडा ९५ पेक्षा कमी भरला, किंवा हात-पायांत तीनाहून अधिक फरक पडला, तर पुन्हा मोजून खात्री करावयाची आणि मूल तज्ज्ञाकडे पाठवावयाचे. पाच मिनिटांचे काम. याने प्रत्येक छिद्र कळत नाही, परंतु ज्या मुलांजवळ पंधराच दिवस असतात त्यांतील बरीच हाती लागतात.

आपल्या जिल्ह्यात गावपातळीवर काय होऊ शकते याची उदाहरणे आहेत. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने साध्या शिकलेल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. अशा स्त्रीला पिताना घामेजणारे मूल ओळखता येते. तिचे म्हणणे पुढे ऐकले जाते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

तालुका समित्यांना आमचे सांगणे असे. गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यातून हृदयशस्त्रक्रियेसाठी किती मुले पाठविली, किती परत आली, किती नाकारली गेली आणि आज किती जिवंत आहेत, हे चार आकडे माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांकडून मागावेत. नावे मागू नयेत. मुलांच्या खासगीपणाचा तो भंग होईल आणि नकार देण्यास निमित्तही मिळेल. आकडे उपलब्ध नाहीत असे उत्तर आले, तर तेच उत्तर घेऊन जिल्हा परिषदेच्या सभेत जावे. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक आरोग्य केंद्रात नवजाताचा ऑक्सिमीटर आहे का, असल्यास तो कुलपात आहे की वापरात, हे स्वतः जाऊन पाहावे. आणि मुकादमांशी बोलून कोणत्या टोळीबरोबर सहा वर्षांखालील किती मुले जाणार आहेत त्याची यादी करावी. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतील. पथकाची तपासणी त्याआधी पदरात पाडून घ्यावयाची, तर कामास याच महिन्यात लागावे लागेल.